कापणारा हात आणि त्याचं माप

मनगट खुर्चीच्या हातावर टेकलेलं, बोटं पुढे मोकळी सोडलेली, आणि अंगठा तर्जनीच्या कडेवर घासत राहावा तशी त्याची लयबद्ध हालचाल. सेकंदाला ४ ते ६ वेळा. तोच हात पेला उचलायला पुढे गेला की कंप ओसरतो. पेला धरून हात हवेत स्थिरावला, काही सेकंद गेले, की पुन्हा सुरू होतो. पार्किन्सन्सची ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. त्यामुळेच बहुतेकांच्या मनात हा आजार म्हणजे ही थरथर, असं समीकरण पक्कं बसलेलं असतं.

हालचालींच्या विकारांवरचं संशोधन दोनशे वर्षं या समीकरणाशी झगडतं आहे. कंप दिसतो, मोजता येतो, त्याचं चित्रण करता येतं. पण आजार जितका वाढतो तितका तो वाढतोच असं नाही, आणि मोजणारा समोर येऊन बसला की तो बदलतो. या क्षेत्रातल्या बहुतेक यशांमागे आणि जवळजवळ सगळ्या फसगतींमागे एकच प्रश्न असतो: माप कशाचं घेतलं, केव्हा घेतलं, आणि ते घेताना त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं? औषधांच्या नावांपेक्षा मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी तपासणी कशी होते ते पाहू. जगभर वापरली जाणारी गुणांकनाची पद्धत २००८ मध्ये सुधारली गेली. तिच्या हालचालींच्या भागात जास्तीत जास्त १३२ गुण असतात. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. विश्रांतीतला कंप पाहताना माणसाला १० सेकंद शांत बसवायचं, हात मांडीवर नव्हे तर खुर्चीच्या हातांवर ठेवायचे, पावलं जमिनीला टेकलेली. तपासणीत कधीही दिसलेला सगळ्यात मोठा झोका मोजायचा. १ सेंटिमीटरच्या आत असेल तर १ गुण, १ ते ३ सेंटिमीटरला २, ३ ते १० ला ३, आणि त्याहून मोठ्या झोक्याला ४. झोका किती मोठा हे एक, आणि संपूर्ण तपासणीत कंप किती वेळ टिकला हे दुसरं. दोन्हींचे गुण वेगळे द्यायचे असतात, आणि नवखा तपासनीस नेमका इथे चुकतो. मोठा पण क्वचित येणारा कंप आणि लहान पण अखंड चालणारा कंप या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कंप दिसत नसेल तर १०० मधून ७-७ वजा करत उलटं मोजायला सांगतात. मनावर एवढासा ताण आला तरी विश्रांतीतला कंप उफाळून येतो. चालताना बाजूला लोंबणाऱ्या हातातही तो हमखास दिसतो. मग दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगायचे आणि वाट पाहायची. पार्किन्सन्समध्ये हात आधी स्थिर राहतात आणि काही सेकंदांनी कंप परत येतो. दुसरा, जास्त आढळणारा विकार म्हणजे इसेन्शियल ट्रेमर. त्यात हात उचलल्याबरोबर कंप सुरू होतो, आणि पेल्यात पाणी ओतताना, चमचा तोंडाशी नेताना, सही करताना त्रास होतो. त्याची वारंवारता ४ ते १२ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या झोक्यांच्या) दरम्यान कुठेही असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. हाताची स्थिती, वेळ आणि सोबत हालचालींचा मंदपणा आहे की नाही, हे सगळं एकत्र धरावं लागतं. थोडा धीर धरून पाच-दहा सेकंद जास्त पाहिलं तर चुकीचं निदान टळतं.

आता या ० ते ४ गुणांमधली खुबी. गुणांची पायरी सारखी वाटते, पण झोका तसा सारख्या पायऱ्यांनी वाढत नाही. २००६ मध्ये कंपाचे गुण आणि यंत्राने मोजलेला झोका शेजारी ठेवून पाहिले तेव्हा त्यांचं नातं लॉगॅरिदमचं निघालं. गुण एकाने वाढला की झोका साधारण तिपटीने वाढतो. वरचे १, ३, १० सेंटिमीटरचे टप्पेही असेच तिपटीचे आहेत. म्हणजे ३ चा २ झाला तर कागदावर एकच गुण कमी होतो, पण हाताचा झोका तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो. ज्याला आता बटणं लावता येऊ लागली त्याच्यासाठी तो 'एक गुण' फार मोठा असतो. उलट, एखाद्या औषधाने झोका ३० टक्क्यांनी कमी केला तर ती सुधारणा गुणांत दिसणारही नाही.

म्हणून यंत्राकडे वळावं, तर तिथे निराळे खड्डे आहेत. हातावर बसवायचा सेन्सर म्हणजे प्रवेगमापक. तो झोका मोजत नाही, प्रवेग मोजतो. झोका काढायचा तर प्रवेगाला वारंवारतेच्या वर्गाने भागावं लागतं. ५ हर्ट्झच्या कंपात सेकंदवर्गाला १ मीटर प्रवेग मिळाला तर झोका मध्यापासून सुमारे १ मिलिमीटर. तोच प्रवेग १० हर्ट्झला मिळाला तर झोका फक्त पाव मिलिमीटर. प्रवेगाचे आकडे तसेच्या तसे तुलनेला घेतले तर जलद पण बारीक कंप विनाकारण मोठा दिसतो.

त्यात गुरुत्वाकर्षण मिसळतं. मनगट ६ अंशांनी कललं तरी सेन्सरच्या अक्षावर १ मीटरच्या आसपासचा प्रवेग नुसत्या कलण्याने नोंदला जातो. हाताचा कंप बहुधा मनगटाभोवती फिरणारा असतो, सरळ वरखाली जाणारा नसतो, त्यामुळे ही चूक नेहमी होते. फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप सोबत लावला तर ती टळते. एकच सेन्सर लावायचा असेल तर मी जायरोस्कोप निवडेन.

नोंदी किती दाट घ्यायच्या, हाही प्रश्न आहेच. उभं राहिल्यावरच पायांत येणारा एक कंप असतो, १३ ते १८ हर्ट्झचा. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण त्या माणसाला उभं राहणं असह्य होतं आणि चालू लागलं की बरं वाटतं. १६ हर्ट्झचा असा कंप सेकंदाला २० नोंदी घेणाऱ्या यंत्राने टिपला तर आलेखात शिखर ४ हर्ट्झला उमटतं, म्हणजे थेट पार्किन्सन्सच्या पट्ट्यात. यंत्र बिघडलेलं नसतं, नोंदी विरळ असतात. वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नोंदी हव्यातच. व्यवहारात सेकंदाला १०० किंवा अधिक घेतात. नोंदीची लांबीही तितकीच महत्त्वाची. २ सेकंदांच्या तुकड्यातून अर्ध्या हर्ट्झपेक्षा बारीक भेद काढता येत नाही, १० सेकंदांतून ०.१ हर्ट्झपर्यंत जाता येतं. शिवाय पार्किन्सन्सच्या कंपाची लाट अगदी गोलाकार नसते, त्यामुळे ५ हर्ट्झच्या शिखराशेजारी १० ला दुसरं शिखर येतं आणि प्रवेगात ते चौपट फुगतं. तो दुसरा कंप समजून लिहिला गेला की पुढचं सगळं विश्लेषण भरकटतं.

एक प्रयोग मात्र मला त्याच्या साधेपणासाठी फार आवडतो. हातावर अर्धा किलो वजन बांधायचं आणि पुन्हा नोंद घ्यायची. प्रत्येक निरोगी हातातही बारीक कंप असतो. त्यातला बराचसा भाग हाताच्या वजनाचा आणि सांध्याच्या ताठपणाचा खेळ असल्यामुळे वजन वाढलं की त्याची वारंवारता खाली येते. कंपाचा ताल मेंदूत ठरत असेल तर हात जड करूनही ती फारशी हलत नाही. अर्धा किलो वजन आणि दोन नोंदी, एवढ्यावर कंप हातात जन्मतो की मेंदूत, याचा अंदाज बांधता येतो.

मेंदूत म्हणजे नेमका कुठे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये आजाराचं वर्णन केलं ते सहा माणसांवरून, आणि त्यांपैकी काहींना त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलं होतं. तपासणीची साधनं जवळजवळ नव्हतीच. होतं ते बारकाईने पाहणं. पुढे पॅरिसमध्ये चेतातज्ज्ञ शार्को यांनी विश्रांतीतला कंप आणि हालचालीतला कंप असा भेद करून हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसपासून वेगळा काढला आणि त्याला पार्किन्सन यांचं नाव दिलं. त्यांच्या आणखी एका निरीक्षणाची हकीकत आजच्या संशोधकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलेले रुग्ण बरं वाटतंय असं सांगत. त्यावरून त्यांनी थरथरणारी खुर्ची करवून घेतली, रुग्णांना तिच्यात बसवलं, आणि रुग्णांना खरोखर आराम वाटला. एकशेवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, हा प्रयोग तुलनेसाठी दुसरा गट ठेवून पुन्हा करण्यात आला. एका गटाची खुर्ची थरथरत होती, दुसऱ्याची नव्हती. दोन्ही गटांच्या हालचाली सुधारल्या आणि दोघांत फरक निघाला नाही. शार्को यांचे डोळे चुकले नव्हते, सुधारणा खरी होती. तिचं कारण मात्र खुर्चीत नव्हतं.

डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या एका रसायनाची, गोष्ट अनेकदा सांगितली जाते, म्हणून थोडक्यात. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित केलेल्या सशांना डोपा (शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य) टोचला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत स्ट्रायटम या भागात डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. १९६१ मध्ये तिथेच रुग्णांना शिरेवाटे लिव्होडोपाची, म्हणजे त्याच डोपाच्या औषधी रूपाची, पहिली मात्रा दिली गेली. पण त्याचं रोजच्या उपचारात रूपांतर केलं ते १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी. त्यांनी मात्रा अतिशय हळू वाढवत दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत नेली. मळमळीमुळे आधीचे प्रयत्न जिथे थांबत होते तिथे हा संथपणा कामी आला. नंतर कार्बिडोपाची जोड मिळाली. ते मेंदूबाहेर लिव्होडोपाचं डोपामिन होणं रोखतं, पण त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. त्याहून कमी पडलं तर मळमळ राहतेच. अजून एक व्यावहारिक अडचण म्हणजे लिव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतं ते प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांच्याच दारातून. जेवणाबरोबर घेतलेली गोळी त्या गर्दीत मागे पडते. म्हणून शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. गोळी 'लागू पडत नाही' अशा कित्येक तक्रारींचं मूळ या वेळेच्या गणितात असतं.

एवढं सगळं कळल्यावरही कंपाने संशोधकांना हुलकावणी दिलीच. स्ट्रायटममधलं डोपामिन जितकं घटतं तितका मंदपणा आणि ताठरपणा वाढतो, हे स्कॅनमध्ये बऱ्यापैकी जुळतं. कंपाचं मात्र जुळत नाही. कोणाला आजार बराच पुढे गेला तरी कंप नसतो, कोणाला पहिल्या दिवसापासून मोठा कंप असतो आणि बाकी आजार संथ चालतो. कोणाचा कंप लिव्होडोपाने विरतो, कोणाचा भरपूर मात्रेलाही दाद देत नाही.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट मादक पदार्थ टोचून घेतलेले काही तरुण अचानक लाकडासारखे ताठ झाले. त्यामागचं द्रव्य एमपीटीपी असल्याचं विल्यम लँग्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. मेंदूतलं एक एन्झाइम त्याचं विषात रूपांतर करतं, ते विष डोपामिनच्याच वाटेने पेशीत शिरतं आणि तिची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. त्या तरुणांच्या वाट्याला आलेलं दुःख विसरून या शोधाबद्दल बोलू नये. पण त्यातूनच माकडांमधला प्रायोगिक आजार हाती आला आणि मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांची पुढची सगळी मंडलं उलगडली. त्या माकडांमध्येही मंदपणा आणि ताठरपणा हुबेहूब येतो, पण माणसासारखा विश्रांतीतला कंप बहुतेक जातींत येत नाही. आफ्रिकेतली हिरवी माकडं हा त्यातला अपवाद.

आज सर्वाधिक मानलं जाणारं चित्र असं: मेंदूच्या तळाशी असलेली बेसल गँग्लिया कंप सुरू आणि बंद करतात, आणि तो किती मोठा होणार हे लहान मेंदू, थॅलॅमस आणि बाह्यकाचं हालचालींचं क्षेत्र यांचं दुसरं मंडल ठरवतं. दिव्याचं बटण एका खोलीत आणि उजेड कमीजास्त करण्याची कळ दुसऱ्या खोलीत, असा प्रकार. बटण डोपामिनच्या हातात आहे. कळीवर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या निरोप पोहोचवणाऱ्या दुसऱ्या रसायनांचाही हात असतो. ताणाने कंप का वाढतो, गोळीने मंदपणा गेला तरी कंप का उरतो, याचा त्यातून पटण्यासारखा अर्थ लागतो.

शल्यचिकित्सक त्या कळीपर्यंत तत्त्व न कळताच पोहोचले होते. १९५२ मध्ये अर्व्हिंग कूपर यांच्याकडून शस्त्रक्रियेत एक रक्तवाहिनी फाटली, ती बांधावी लागली, शस्त्रक्रिया अर्धवट सोडली, आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णाचा कंप गेलेला होता. पुढे थॅलॅमसचा ठरावीक ठिपका जाळण्याची पद्धत रूढ झाली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबीद तीच शस्त्रक्रिया करताना जागा हेरण्यासाठी विजेची स्पंदनं देत होते. वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास नेली तेव्हा, काहीही न जाळता, कंप थांबला. त्यातून खोल मेंदूला स्पंदनं देण्याचा उपचार उभा राहिला. सव्वा मिलिमीटर जाडीची तार, तिच्या टोकाला दीड-दीड मिलिमीटरची संपर्कस्थानं, छातीत कातडीखाली बॅटरी. सेकंदाला १३० स्पंदनं, प्रत्येक ६० मायक्रोसेकंदांचं, इथून सुरुवात करायची. तार २ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला गेली की बोलणं जड होतं, चेहऱ्याचे स्नायू ओढले जातात. थॅलॅमसमध्ये ती मागे गेली तर बोटांना मुंग्या येतात. ही चूक बॅटरीचे आकडे बदलून पूर्ण सुधारत नाही.

अलीकडे हीच तार मेंदूतला विद्युतप्रवाह ऐकतेही. १३ ते ३५ हर्ट्झच्या बीटा पट्ट्यातली हालचाल वाढली की स्पंदनं वाढवायची, कमी झाली की कमी करायची, अशी स्वतःशी जुळवून घेणारी यंत्रं आली आहेत. मंदपणासाठी हे उत्तम आहे. कंपाच्या बाबतीत सावध राहावं लागतं, कारण कंप चालू असताना बीटा अनेकदा खाली जातो. यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे, आणि हात कापत असतो.

कवटी न उघडता ठिपका जाळण्याचा मार्ग म्हणजे एमआरआयच्या देखरेखीखालचा ध्वनिलहरींचा झोत. डोकं पूर्ण भादरलं जातं, कारण केसांत अडकलेली हवा लहरी अडवते. कवटीभोवती हवा काढून घेतलेलं थंड पाणी फिरत राहतं, नाहीतर हाड आणि त्वचा भाजेल. १,०२४ स्फटिकांमधून निघालेल्या लहरी एका ठिपक्यावर आणल्या जातात. आधी ४० ते ४५ अंशांपर्यंत हलकं तापवून पाहतात. त्याने होणारा परिणाम तात्पुरता असतो. कंप कमी झाला आणि मुंग्या किंवा बोलण्यात जडपणा आला नाही तरच ५५ ते ६० अंशांपर्यंत जातात, आणि तिथून परतीची वाट नसते. दर झोतानंतर रुग्णाला गोलाकार सर्पिल काढायला लावतात. काहींच्या कवटीचा मधला थर इतका सच्छिद्र असतो की लहरी तिथेच विखुरतात, हाड तापतं आणि आतला ठिपका तापत नाही. म्हणून आधी सीटी स्कॅनवर हाडाच्या घनतेचं गुणोत्तर पाहिलं जातं.

इसेन्शियल ट्रेमरसाठी या उपचाराची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ७६ जणांवर होती, आणि त्यातल्या काहींना खोटा उपचार दिला होता: तीच तयारी, तोच साचा, पण लहरी नाहीत. ३ महिन्यांनी खऱ्या उपचाराने हाताचा कंप ४७ टक्क्यांनी घटला, खोट्याने ०.१ टक्क्याने. वर्षानंतरही ९ टक्क्यांना तोल सांभाळण्यात अडचण आणि १४ टक्क्यांना बधिरपणा उरला होता. हे आकडे निर्णय घेणाऱ्यासमोर ४७ टक्क्यांच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात ठेवले पाहिजेत.

तो ०.१ टक्का मात्र विचारात पाडतो. पार्किन्सन्समध्ये खोटा उपचार इतका निष्फळ सहसा ठरत नाही. २००१ मध्ये पेट स्कॅनने दाखवलं की औषधाच्या अपेक्षेने दिलेल्या खोट्या गोळीनेही या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन सुटतं. २०१५ मधल्या एका लहान अभ्यासात १२ जणांना दोन इंजेक्शनं दिली, एक महागडं आणि एक स्वस्त असं सांगून. दोन्ही मिठाचं पाणी होती, आणि 'महागड्या'ने हालचाली जास्त सुधारल्या. याला मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. या आजारात जे रसायन कमी पडतं, आशेनेही तेच सुटतं. दुसऱ्या कुठल्या आजारात उपचार आणि अपेक्षा इतक्या एकाच वाटेवरून चालत असतील असं वाटत नाही. म्हणून इथे तुलनेचा गट हवाच, मग तो उभा करणं कितीही जड जावो. गर्भपेशींच्या रोपणाच्या चाचणीत तुलनेच्या गटातल्या लोकांच्या कवटीलाही भोकं पाडली गेली, फक्त आत सुई गेली नाही. नंतर दिसलं की आपल्याला खरं रोपण मिळालं असं ज्यांना वाटत होतं त्यांचं जगणं सुधारलं, प्रत्यक्षात काय मिळालं होतं ते बाजूला.

आजार मंदावणाऱ्या औषधाचा शोध याच अडचणीत अडकलेला आहे. औषध लक्षणं झाकतं की आजाराची चाल कमी करतं, हे वेगळं कसं करायचं? १९८७ मध्ये सुरू झालेल्या ८०० जणांच्या चाचणीत सेलेजिलिन या औषधामुळे लिव्होडोपाची गरज सुमारे ९ महिने पुढे ढकलली गेली. आजार मंदावला असा आनंद झाला. मग लक्षात आलं की सेलेजिलिन स्वतःच लक्षणं थोडी कमी करतं, आणि निष्कर्ष निसटला. त्यानंतर लिव्होडोपालाच प्रश्न विचारला गेला. ३६१ जणांना ४० आठवडे वेगवेगळ्या मात्रा किंवा खोटी गोळी देऊन २ आठवडे औषध बंद ठेवलं. औषध घेतलेले लोक बंद केल्यावरही बरे होते, पण स्कॅनमध्ये त्यांचीच घट जास्त दिसली. २००४ मधला हा निकाल दोन तोंडांनी बोलणारा होता. २०१९ मध्ये ४४५ जणांच्या चाचणीत अर्ध्यांना सुरुवातीपासून आणि अर्ध्यांना ४० आठवड्यांनी लिव्होडोपा दिलं. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखे. लिव्होडोपा आजार थांबवत नाही, आणि वाढवतही नाही. 'गोळी पुढच्यासाठी राखून ठेवू' म्हणून वर्षानुवर्षं कष्टात काढणाऱ्यांसाठी या 'फरक नाही' निकालात केवढा दिलासा आहे! मला तो या क्षेत्रातल्या सगळ्यात दयाळू निकालांपैकी एक वाटतो.

एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या इंजेक्शनची कथा ताजी आहे. २०१७ मध्ये ६२ जणांवर आठवड्यातून एकदा देऊन पाहिलं. औषध थांबवून १२ आठवडे झाल्यावरही दोन गटांत ३.५ गुणांचा फरक होता. रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण सव्वातीन गुणांपासून सुरू होतो, म्हणजे आशा रास्त होती. १९४ जणांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, आणि त्यात फरक उरला नाही. १३२ गुणांच्या पट्टीवर साडेतीन गुण शोधताना तपासनीस बदलला, रात्रीची झोप बिघडली, शेवटची गोळी दोन तास उशिरा घेतली, यांपैकी काहीही तेवढी उलथापालथ करू शकतं.

म्हणून अशा चाचण्यांत माप 'ऑफ' अवस्थेत घेतात: रात्रीची शेवटची गोळी घेतल्यापासून निदान १२ तास काहीही न घेता, सकाळी. लिव्होडोपाचं रक्तातलं अर्धायुष्य तास-दीड तासाचं असतं, तेव्हा १२ तास पुरेसे वाटतात. पण अनेक वर्षांच्या औषधाचा एक संथ परिणाम असतो, तो कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणजे तेवढंही 'ऑफ' पुरतं कोरं नसतं. आणि त्या १२ तासांची किंमत कोण मोजतं? अंथरुणात कूस बदलता येत नाही, घास गिळताना अडखळतो, पाय जमिनीला खिळतात. अशा अवस्थेत, वर्षानुवर्षं, ठरलेल्या तारखांना तपासणीला येणाऱ्या माणसांच्या जिवावर हे शास्त्र उभं आहे. निष्फळ ठरलेल्या चाचण्यांतही त्यांनी तेवढंच दिलेलं असतं.

यातून सुटायचं तर हात सोडून दुसरं माप हवं. आजार हातात दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वास कमी येणं, बद्धकोष्ठ, आणि झोपेत स्वप्नातल्या हाणामारीप्रमाणे प्रत्यक्ष हातपाय झाडणं या त्याच्या आधीच्या खुणा. झोपेचा हा विकार असलेल्या १,२८० जणांच्या पाहणीत दर वर्षी ६ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जातकुळीतला आजार झाला. १२ वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना. १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा धागा सापडला होता: काही कुटुंबांतल्या जनुकदोषात, आणि त्याच वर्षी रुग्णांच्या मेंदूपेशींत साचणाऱ्या, लेवी गोळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुठळ्यांमध्ये. आता पाठीच्या कण्यातला द्रव घेऊन त्यात शुद्ध अल्फा-सिन्युक्लिन मिसळतात आणि मिश्रण तासन्‌तास हलवत ठेवतात. चुकीच्या घडीचं थोडंसं जरी प्रथिन द्रवात असेल तर चांगलं प्रथिन त्याच घडीत पडत जातं आणि मिसळलेला रंग चमकू लागतो. २०२३ मध्ये १,१२३ जणांवर पाहिलं तेव्हा या चाचणीने पार्किन्सन्सचे ८७.७ टक्के लोक ओळखले. एलआरआरके२ जनुकाचा दोष असलेल्यांमध्ये मात्र ती बरीच कमी पडते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती आज 'आहे' किंवा 'नाही' एवढंच खात्रीने सांगते. किती आहे आणि औषधाने किती कमी झालं, हे सांगायला लागेल तेव्हा चाचण्यांची तऱ्हाच बदलेल. सध्या बरीच धडपड त्यासाठी चालू आहे.

तोवर हातच मोजायचा आहे, आणि घरच्या घरी तो नीट मोजला तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. मोबाइल हातात न धरता टेबलावर टेकवून ठेवा, नाहीतर धरणाऱ्याचाच कंप चित्रणात येतो. खोलीत भरपूर उजेड हवा. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि बोटं धुरकट दिसतात. सेकंदाला ३० चित्रं नेहमीच्या कंपासाठी पुरतात. आधी हात टेकवून अर्धा मिनिट, त्यातला निम्मा वेळ उलटे आकडे मोजत. मग हात समोर धरून अर्धा मिनिट, मध्येच सोडून न देता. मग एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, आणि मनगट कागदाला न टेकवता प्रत्येक हाताने एक सर्पिल. दोन-चार पावलं चालणंही घ्या, लोंबणारे हात चौकटीत येतील असं. सर्वात आधी शेवटच्या गोळीची वेळ आणि चित्रणाची वेळ बोलून नोंदवा, कारण गोळीनंतर ४० मिनिटांनी घेतलेलं आणि पाच तासांनी घेतलेलं चित्रण शेजारी ठेवलं तर आजार बदलला की औषध उतरलं, हे कोणालाच सांगता येत नाही.